डॉक्टरांनी दिलेला पहिला मृत्यूचा दाखला

आमच्या भूगोल विभागात डॉक्टर पुष्कळ. दारांवरच्या पाट्या वाचत गेलं तर जवळजवळ प्रत्येक नावाआधी 'डॉ.' लागलेलं. पण व्हरांड्यात उभं राहून कुणी "डॉक्टर!" अशी हाक मारली, तर आमच्यापैकी एकही जण मान वर करत नसे. जिन्याखालच्या बोळकांडीत स्टुलावर बसलेला, शर्टाच्या खिशात स्क्रूड्रायव्हर खोचलेला एक बुटका माणूस तिथूनच ओरडे, "आलो, आलो! तोवर बटणं दाबत बसू नका!"

हुद्द्याने ते प्रयोगशाळा सहायक. नकाशे टांगायचे, खडकांचे नमुने पुसायचे, एवढंच काम त्यांच्या नेमणुकीत लिहिलेलं. विभागात पहिला संगणक आला तेव्हा सगळे त्याच्याभोवती पाहुण्यासारखे अदबीने उभे राहिले आणि यांनी सरळ त्याचं झाकण काढलं. तेव्हापासून विभागातलं प्रत्येक यंत्र त्यांचा रुग्ण झालं आणि ती बोळकांडी त्यांचा दवाखाना. विनय त्यांच्याजवळ औषधालाही नव्हता. बंद पडलेलं यंत्र सुरू झालं की ते आजूबाजूला बघत आणि कुणी "वा!" म्हणेपर्यंत जागचे हलत नसत. घाईच्या दिवसांत आम्ही आधीच "वा!" म्हणून टाकायचो.

या गुणाचा आम्हाला ताप किती होता, हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. विद्यापीठाचा नियम असा की जुनं यंत्र बाद झाल्याशिवाय नवं मिळत नाही. बाद करायचं तर आधी ते सांभाळणाऱ्या माणसाने 'दुरुस्तीपलीकडे' असा शेरा मारून सही करायची. मग निर्लेखन समितीने, म्हणजे वस्तू वापरातून काढून टाकणाऱ्या तिघांनी, येऊन शिक्कामोर्तब करायचं. रसायनशास्त्रवाले कळफलकावर चहा सांडला तरी हा शेरा मिळवत. आमच्या डॉक्टरांनी आजवर एकाही यंत्राला मृत्यूचा दाखला दिला नव्हता. माझ्या संगणकातली स्मृतीची पट्टी इतिहास विभागाच्या भंगारातली, पंखा ग्रंथालयातला, आणि वीजपुरवठ्याचा डबा कुठला ते विचारायचं नाही अशी ताकीद. सकाळी बटण दाबून मी पाण्याची बाटली भरून आणायची, वर्तमानपत्र चाळायची, तेव्हा कुठे पडद्यावर काहीतरी उमटायचं.

एकदा वैतागून मी म्हणाले, "डॉक्टर, मरू द्या की हो याला!"

"चालतंय ना?" ते म्हणाले. "मग कशाला मरू द्यायचं? उद्या मला खोकला झाला तर मलाही बाद कराल तुम्ही."

"तुम्हाला नाही करणार. पण याला करा."

"मॅडम, खोटी सही मी करत नाही." आणि त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी कुणाचा तरी गळा दाबायला सांगितला होता.

घरीही हाच खाक्या. एकदा मी त्यांच्याकडे गेले होते तेव्हा त्यांच्या बायकोने, वहिनींनी, मला स्वयंपाकघर फिरवून दाखवलं. फ्रिजचं दार जुन्या बॅगेच्या पट्ट्याने बांधलेलं, इस्त्रीला कुकरची मूठ. "आमच्या घरात मरायची परवानगी कुणालाच नाही," वहिनी म्हणाल्या. "हा मिक्सर माझ्या लग्नातला. माझ्या दाढा गेल्या, याची पाती अजून शाबूत आहेत." डॉक्टर बाजूला उभे राहून हे सगळं कौतुक म्हणून ऐकत होते.

आता ताईंबद्दल सांगायला हवं, कारण ही गोष्ट जेवढी डॉक्टरांची तेवढीच त्यांची आहे. ताई म्हणजे विभागाच्या लेखनिक. खरं तर विभाग त्याच चालवत, प्रमुख फक्त सह्या करत. कुणाची किती रजा शिल्लक आहे, कुणाचा प्रबंध कुठल्या टेबलावर अडकलाय, सगळं तोंडपाठ. नवरा लवकर गेलेला, घरात अंथरुणाला खिळलेली सासू आणि कॉलेजात शिकणारी मुलगी, आणि दोघींचा भार या एका नोकरीवर. इमारतीत जागेची मारामार असल्यामुळे माझंही टेबल त्यांच्याच खोलीत, दोन कपाटांच्या आड ढकललेलं होतं. तिथे मी बसलेय हे लोक विसरून जात. मला मात्र सगळं ऐकू येई.

विद्यापीठाने प्रवेशाचं आणि निकालाचं नवं सॉफ्टवेअर आणलं, फिक्या रंगांचं आणि मुंगीएवढ्या अक्षरांचं, त्या वर्षी ताईंचं यंत्र सारखं बंद पडू लागलं. आज सुरूच होत नाही, उद्या मध्येच विझतं. डॉक्टर यायचे, झाकण काढायचे, आतली कुठली तरी पट्टी जागची हललेली असायची, ती बसवायचे आणि "वा!" ची वाट बघत उभे राहायचे. ताई अगदी हळू आवाजात "वा" म्हणायच्या. दोन दिवसांनी पुन्हा तेच.

"उंदीर," डॉक्टरांनी निदान केलं. त्यांनी भिंतीतल्या भोकांत बोळे कोंबले, टेबलाखाली चिकट पुठ्ठे मांडले. त्या पुठ्ठ्यांवर प्रमुखांचा बूट चिकटला, दुसरं काही नाही. मग एके दिवशी झाकणाचे दोन स्क्रू टेबलावर नीट शेजारी ठेवलेले सापडले. डॉक्टर ते हातात घेऊन कितीतरी वेळ उभे होते. शेवटी कपाटाशी येऊन मला म्हणाले, "मॅडम, उंदराला स्क्रू काढता येत नाही." आणि माझ्याकडे संशयाने बघत राहिले. मी खूप चिडले. यंत्रं मरावीत असं मी उघड म्हणत होते हे खरं, पण म्हणून कुणाचं यंत्र फोडायला मी जाईन होय?

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी कपाटांमागे उत्तरपत्रिका तपासत होते. खोलीत माझ्याखेरीज ताई एकट्याच होत्या. डॉक्टर चष्मा विसरले म्हणून मध्येच परत आले आणि दारातच ओरडले.

"ताई! काय करताय?"

काहीतरी लोखंडी खाली पडल्याचा आवाज झाला. डब्यातली लोणी लावायची सुरी होती ती, हे नंतर कळलं.

"या यंत्रात मी जीव ओतलाय, आणि तुम्ही...! कुठल्या जन्माचं वैर काढताय हो?"

"ओरडू नका," ताई म्हणाल्या. "बोट कापलंय. किती कापलंय ते आधी बघा. मला दिसत नाही."

"दिसत नाही म्हणजे? चष्मा कुठाय?"

"डोळ्यांवरच आहे."

मी लाल पेन हातात धरून तशीच बसले होते. डॉक्टरांनी रुमाल काढून बोट बांधलं असावं, कारण ताई "घट्ट नको" असं काहीतरी म्हणाल्या. मग त्यांनी सांगितलं. डोळ्याच्या पडद्याचं दुखणं होतं, मधोमध डाग पडलेला आणि तो पसरत चाललेला. समोर माणूस उभा राहिला की त्याचे कान दिसतात, चेहरा दिसत नाही. आम्हाला त्या आवाजावरून, चालण्यावरून ओळखत होत्या. या यंत्रावर अक्षरं मोठी केली की अर्धं पान पडद्याबाहेर जाई आणि त्या बटणं अंदाजाने दाबत.

"नव्या यंत्रावर अक्षरं हवी तेवढी मोठी होतात. कानात वाचूनही दाखवतं," ताई सांगत होत्या. "डोळ्यांच्या दवाखान्यात बसून मी करून बघितलंय. माझं काम पूर्वीसारखं होतं, डॉक्टर, अगदी पूर्वीसारखं. पण मागायचं तर कारण लिहावं लागेल. कारण लिहिलं की वैद्यकीय मंडळापुढे उभं करतील. टपाल विभागातल्या त्या बाबूंचं काय केलं आठवतंय ना? घरी बसवलं. मी घरी बसले तर आमच्याकडे चूल कशी पेटायची?"

"मग मला सांगायचं."

"तुम्हाला? तुम्ही यंत्र मरू देता होय? म्हटलं इतकं मोडावं, इतकं मोडावं, की तुम्हीच कंटाळून शेरा माराल. पण तुम्ही कंटाळतच नाही हो!" आणि त्या रडायला लागल्या.

मला राहवेना, मी खाकरले. दोघंही दचकले. "मी काही ऐकलं नाही," असं मी म्हणाले, आणि ते किती मूर्खपणाचं वाक्य होतं ते तिघांनाही कळलं.

डॉक्टर मात्र लगेच सहीला तयार झाले नाहीत. आधी त्यांनी आपल्या पद्धतीने झुंज दिली. भंगारातून मोठा पडदा आणला, अक्षरं धूसर आली. नवी प्रणाली चढवून बघितली, जुन्या यंत्राला ती पेलेना. रोज संध्याकाळी जिन्याखालून येताना त्यांचा चेहरा पडलेला असे. मग एके दिवशी त्यांनी माझ्या टेबलाशी येऊन कागद ठेवला, पेन मागितलं आणि लिहिलं, 'दुरुस्तीपलीकडे'. सही करताना त्यांच्या कपाळावर घाम होता.

"झालं," मी म्हणाले. "समितीवाले काय, येतात, मोजतात, चहा पितात आणि जातात. बटण कोण दाबतंय!"

समिती आली. अध्यक्ष म्हणजे हिशेब विभागाचे साहेब, डॉक्टरांना वर्षानुवर्षं ओळखणारे. "डॉक्टर, तुमच्याकडे मयत? ऐकून धक्काच बसला," असं म्हणत त्यांनी खुर्ची ओढली. प्रमुख होते, ताई होत्या, मी होते. सगळं आमच्या मनासारखं चाललं होतं. पण समितीत एक नवा उत्साही सभासद होता. त्याने सहज वाकून बटण दाबलं.

यंत्र सुरू झालं. नुसतं सुरू झालं नाही, डोळ्याचं पातं लवायच्या आत सुरू झालं आणि आपलं स्वागताचं संगीतही वाजवलं. इतक्या वर्षांत ते इतक्या तत्परतेने कधीच उठलं नव्हतं. मी डॉक्टरांकडे पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावरून सगळं समजले. या माणसाने आदल्या दिवशी त्याची धूळ काढली होती, पंख्याला तेल दिलं होतं, आतली प्रत्येक तार नीट बसवली होती. आपल्या हातून जाणारं यंत्र घाणेरडं कसं पाठवायचं! त्या क्षणी मला त्यांचं डोकं भिंतीवर आपटावंसं वाटलं.

समितीवाले हसले. प्रमुखही हसले. "डॉक्टर, मयत उठून बसला की!" साहेब म्हणाले. मग हसू ओसरलं आणि त्यांनी कागद पुढे ओढला. "चालू यंत्र बाद करता येत नाही. आणि ही सही तुमची आहे. असं कसं केलंत तुम्ही?"

ताईंचे दोन्ही हात टेबलावर होते. त्या साहेबांकडे बघत होत्या, म्हणजे त्यांच्या कानाकडे. आता खरं सांगितलं तर यंत्र मिळेल, पण नोकरी जाईल. न सांगितलं तर यंत्रही नाही आणि आज ना उद्या नोकरीही नाही. त्यांनी तोंड उघडलं तेवढ्यात डॉक्टर बोलले.

"साहेब, यंत्रात दोष नाही. दोष माझ्यात आहे."

"म्हणजे?"

"हे गेल्या महिन्यात चार-पाचदा बंद पडलं. विचारा सगळ्यांना. मला कारण सापडलं नाही. उंदीर समजून मी भिंतीत बोळे कोंबत बसलो. सर साक्षीला आहेत, त्यांचा बूट चिकटला." कुणीतरी पुन्हा हसलं. डॉक्टर हसले नाहीत. "आता दिसतंय ते माझं नशीब. पुढच्या वेळी बंद पडलं तर माझ्याकडून उठणार नाही. माझा हात थरथरतो, साहेब. बारीक काम जमत नाही. लपवत होतो इतके दिवस."

ज्या माणसाने "वा!" ऐकल्याशिवाय कधी पाय हलवला नाही, तो सगळ्यांसमोर खाली मान घालून उभा होता. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, "अहो, वय होतंच माणसाचं. त्यात लाजायचं काय?" त्यांनी कागदावर 'देखभाल शक्य नाही' असं लिहिलं आणि शिक्का मारला.

यंत्र बाद झालं. डॉक्टरही झाले. पुढची देखभाल बाहेरच्या कंपनीकडे सोपवण्यात आली, जिन्याखालचा दवाखाना रिकामा करून तिथे कागदांचे गठ्ठे रचले गेले. लोक वाईट वागले नाहीत, उलट फारच चांगले वागले. ते जड खुर्ची उचलायला गेले की कुणीतरी धावे, "राहू द्या डॉक्टर, तुम्ही नका." ते ऐकून मला चीड यायची. डॉक्टर हात खिशात घालून फिरत. खडक पुसत आणि नकाशे टांगत.

त्यातच वहिनींचा फोन आला. "यांचा हात थरथरतो म्हणे? ऑफिसातलं कुणीतरी तब्येत विचारायला आलं होतं. मला काही सांगत नाहीत हो हे. आणि आत्ता तर घड्याळ उघडून बसलेत, केसाएवढा स्क्रू चिमट्यात धरलाय."

"घरी बरं वाटत असेल," मी म्हणाले. दुसरं काय सांगणार? बायकोलाही त्यांनी सांगितलं नव्हतं.

नवं यंत्र आलं. ताईंनी कानात इअरफोन घातले, अक्षरं दुकानाच्या पाटीएवढी केली, आणि त्यांचं काम खरंच पूर्वीसारखं धावू लागलं. कुणी विचारलं तर म्हणत, "चाळिशी लागली हो." मुलीला कॉलेज सोडावं लागलं नाही. मला वाटलं, चला, सुटलो.

प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी, दुपारी, त्या नव्या यंत्राने संप पुकारला. पडदा निळा, बटणं मुकी. विद्यार्थ्यांची यादी संध्याकाळपर्यंत वर पाठवली नाही तर त्यांचे प्रवेश रद्द व्हायचे. कंपनीला फोन केला, तर माणूस उद्या येईल म्हणाले. प्रमुख खोलीत येरझाऱ्या घालत होते, स्क्रूड्रायव्हर घेऊन आलेला शिपाई, दोन प्राध्यापक, मी, सगळे घोळका करून उभे. डॉक्टर दाराशी, हात खिशात.

"पूर्वी बरं होतं," प्रमुख म्हणाले. मग दाराकडे बघून, "जाऊ द्या. आता यांना विचारून काय उपयोग?"

ते वाईट हेतूने बोलले नव्हते. पण ताई उठल्या. कानातले इअरफोन काढून टेबलावर ठेवले.

"सर, यांचा हात थरथरत नाही," त्या म्हणाल्या. "मला दिसत नाही."

"ताई, गप्प बसा," डॉक्टर म्हणाले.

"नाही बसणार. मला समोरचं दिसत नाही, सर. वर्ष होऊन गेलं. ते जुनं यंत्र मीच मोडत होते, नवं मिळावं म्हणून. माझी नोकरी राहावी म्हणून हे तुमच्या सगळ्यांसमोर खोटं बोलले. आता तुम्ही काय करायचं ते करा. पण यांना असं बोलू नका."

डॉक्टर तरातरा पुढे आले. रागाने लालबुंद झाले होते. शिपायाच्या हातातला स्क्रूड्रायव्हर हिसकावून ते टेबलाखाली गुडघ्यांवर बसले, आणि मी पाहिलं, आता त्यांचा हात खरोखरच थरथरत होता. पहिला स्क्रू दोनदा निसटला. तिसऱ्यांदा बसला. यंत्र सुरू झालं तेव्हा "वा!" म्हणायचं कुणालाच सुचलं नाही, आणि ते थांबलेही नाहीत. बाहेर निघून गेले.

यादी गेली. प्रमुखांनी दार लावून घेतलं आणि आमच्याकडे पाठ करून खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आज यंत्र बंद पडलं होतं. मग सुरू झालं. एवढंच." आमच्या विभागात कुणाची साडी कुठल्या दुकानातली हे तासाभरात तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचतं. हे मात्र त्या खोलीतून कुणी बाहेर नेलं नाही, अजूनही नाही. ताई आपल्या टेबलावर आहेत.

डॉक्टर मात्र ताईंशी कितीतरी दिवस बोलले नाहीत. मी समजूत काढायला गेले. "अहो, तुमच्यासाठीच बोलल्या ना त्या? तुमचं नाव परत मिळालं."

"कुणी मागितलं होतं?" ते खडक पुसता पुसता म्हणाले. डोळ्यांत पाणी होतं, आणि ते पुसायची त्यांनी तसदी घेतली नाही. "आयुष्यात एकदाच खोटं बोललो, मॅडम. तेही या बाईनं टिकू दिलं नाही."